एक सूत

आमच्या गच्चीवरच्या खोलीतलं कपाट गेल्या मे महिन्यापासून पूर्ण उघडत नाही. अर्धवट उघडतं, हात आत घालायचा आणि जे सापडेल ते ओढायचं. कारण कपाटाच्या समोर बारा फूट बाय चार फुटाचं टेबल आहे आणि टेबलावर रेस ट्रॅक आहे, लाकडी, घरी केलेला, दोन लेनचा. घरी कोण पाहुणा आला की बायको आधी कपाटाची तक्रार सांगते आणि मग त्याच पाहुण्याला ट्रॅक दाखवायला स्वतः वर घेऊन जाते, त्यामुळं ही तक्रार आहे का कौतुक ते मला अजून कळलेलं नाही आणि विचारायची हिंमतही नाही.

सुरुवात मामेभावानं केली. तो इंग्लंडला असतो, तिकडं रविवारी लोक मैदानात गाड्यांच्या डिक्या उघडून घरातलं जुनं सामान विकतात, तिथून त्यानं दोन स्लॉट कार आणि दोन कंट्रोलर उचलले आणि माझ्या पोरीला आणून दिले. ट्रॅक नाही आणला. "वजन होत होतं रे." म्हणजे घोडा दिला आणि रस्ता तुझा तू बघ.

आता स्लॉट कार म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण बँकेत मी सांगायला लागलो की निम्मे लोक रिमोटची गाडी समजतात. रिमोट नाही. गाडीच्या पोटाखाली पुढच्या बाजूला एक पातळ पातं असतं, त्याला गाइड म्हणतात, ते ट्रॅकमधल्या खाचेत बसतं. खाचेच्या दोन्ही अंगाला धातूच्या पट्ट्या, एक प्लस एक मायनस. गाइडला तांब्याच्या तारांच्या विणलेल्या दोन छोट्या शेपट्या असतात, त्या पट्ट्यांवरनं घासत जातात आणि बारा व्होल्टचा करंट मोटरला मिळतो. हातातल्या कंट्रोलरचा ट्रिगर जेवढा दाबाल तेवढा वेग. स्टिअरिंग नाही. एकच बोट, तेवढंच काम. ऐकायला फार सोपं वाटतं आणि पहिल्याच वळणावर गाडी भिंतीवर आपटते.

हा खेळ घराघरात पोचवला इंग्लंडमधल्या फ्रेड फ्रान्सिस नावाच्या टूलमेकरनं. आधी तो चावीवर पळणाऱ्या पत्र्याच्या गाड्या करायचा, स्केलेक्स नावाच्या. मग त्यात मोटर घातली, खाचेचा रबरी ट्रॅक केला आणि १९५७ च्या जानेवारीत हॅरोगेटच्या खेळण्यांच्या जत्रेत मांडला. स्केलेक्स अधिक इलेक्ट्रिक, म्हणून स्केलेक्सट्रिक. पुढं साठच्या दशकात अमेरिकेत याचं एवढं वेड आलं की आठ-आठ लेनचे लाकडी ट्रॅक मांडून दुकानं उघडली, तासावर पैसे देऊन लोक खेळायचे, आणि थोड्या वर्षांत ते वेड ओसरलंही. पण लाकडात खाच पाडून ट्रॅक करणारे लोक जगभर शिल्लक राहिले. प्लास्टिकचे तुकडे जोडून ट्रॅक होतो पण वळणं कंपनी देईल तेवढीच, लाकडात मात्र हात नेईल तसा रस्ता. हे सगळं मी रात्री दीड-दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघून शिकलो आणि सकाळी आण्णांना सांगितलं.

आण्णा म्हणजे माझे वडील, वय चौऱ्याहत्तर. आयुष्य गेलं कोल्हापुरात, उद्यमनगरात, पॅटर्नमेकर म्हणून. हा धंदा बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. फाउंड्रीत बिडाचा कुठलाही भाग ओतायचा म्हणजे आधी तो लाकडात करावा लागतो. तो लाकडी भाग वाळूत दाबतात, अलगद काढून घेतात, वाळूत त्याची पोकळी राहते आणि त्या पोकळीत वितळलेलं बीड ओततात. आण्णांनी इंजिनची ब्लॉकं केली, पंपांची पोटं केली, कसली कसली चाकं केली, सगळी सागात आणि पाइनमध्ये. मी लहानपणी कारखान्यात डबा द्यायला जायचो तेव्हा ते लाल रंगवलेले लाकडी भाग फळीवर मांडलेले असायचे आणि मला ती भलीमोठी खेळणी वाटायची. कोणी खेळत कसं नाही याचं आश्चर्य वाटायचं.

तर मी मोबाइल घेऊन त्यांच्यासमोर बसलो आणि सांगायला लागलो, आण्णा, खाचेची रुंदी तीन पॉइंट एक सात मिलिमीटर पाहिजे, खोली साधारण सात-आठ मिलिमीटर, आणि दोन लेनमध्ये…

"किती म्हणालास?"

"तीन पॉइंट एक सात."

"मग सरळ एक सूत म्हण की. एवढं कशाला तोंड वाकडं करतोस."

इंचाचे आठ सूत. सुताराच्या मापात मिलिमीटर परवा-परवा आला, त्याआधी सगळं सुतात. ते फ्रेड फ्रान्सिसचे इंग्रज इंचाचा आठवा भाग म्हणायचे आणि आमचे आण्णा एक सूत म्हणतात, खाच तीच. मला त्या दिवशी उगाचच लई भारी वाटलं. सुतावरनं स्वर्ग गाठणं म्हणतात ते हेच असावं, कारण त्या एका शब्दावर मी दुसऱ्याच दिवशी एमडीएफचे शीट घेऊन आलो.

तिथं पहिली ठिणगी पडली. आण्णांनी शीटच्या कडेवरनं अंगठा फिरवला, वास घेतला आणि म्हणाले, "ह्ये लाकूड न्हवं. भुश्शाची पोळी हाय." मी सांगितलं की जगात सगळे यातच करतात, याला रेषा नसते, गाठ नसते, राउटर, म्हणजे लाकडात खाच पाडायचं मशीन, कुठंही वळवा, टवका उडत नाही, प्लायमध्ये खाचेच्या कडेला पापुद्रे सुटतात. ते काहीच बोलले नाहीत. आण्णा गप्प बसले की समजायचं मुद्दा पटलाय पण माणूस नाही पटला.

मग आकार कसा करायचा. लेकीला बुद्ध सर्किट पाहिजे होतं, दिल्लीजवळचं, जिथं २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झालं आणि तिन्ही वेळा व्हेटलच जिंकला. ती पाचवीत आहे, तिचा जन्म त्याच्यानंतरचा, पण यूट्यूब. मी हिशेब केला. आमच्या गाड्या बत्तिसाव्या भागाच्या, म्हणजे खऱ्याच्या एक बत्तीसांश, आणि ते सर्किट पाच किलोमीटरच्या थोडं वर, त्याला बत्तीसनं भागलं तर एकशेसाठ मीटर. म्हणजे आमच्या दारातनं निघून गल्लीच्या टोकाच्या दूध डेअरीला वळसा घालून परत. तिला म्हटलं, एवढं शीट आणायचं तर घर विकावं लागेल. शेवटी एक लांब सरळ पट्टा, एक लचकणारं एस, एक हेअरपिन म्हणजे यू आकाराचं वळण, आणि एक मोठं पसरट वळण यावर समझोता झाला. आतली लेन मोजली तर अठ्ठावीस फूट भरली.

सरळ खाच पाडायला काही लागत नाही, पट्टी ठोकायची आणि राउटर ढकलायचा. हेअरपिनही सोपी, राउटरला प्लायची एक फळी जोडायची, फळीच्या दुसऱ्या टोकाला खिळा, परकर फिरवावा तसा राउटर फिरवायचा, गोल अगदी नेमका येतो. हो परकरच, कंपासला आण्णा परकर म्हणतात आणि लेक दर वेळी हसते. अवघड असतं ते मधलं, जे ना सरळ ना गोल, जिथं वळण हळूहळू सुरू होतं आणि हळूहळू सुटतं. परदेशातले लोक त्यासाठी ॲक्रिलिकची लवचिक पट्टी वापरतात. मी सागाची बीडिंग पट्टी आणली, तिसऱ्या वाकवण्यात काड्कन मोडली. दुसरी आणली, तीही मोडली. आण्णा खुर्चीत बसून बघत होते. तिसरी मोडल्यावर उठले, चपला घातल्या आणि तासाभरानं बुरुडाकडनं बांबूची कामटी घेऊन आले, दहा-बारा फूट लांब.

कामटी म्हणजे आकाशकंदिलाला लावतो तीच, फक्त जाड. पेरांच्या ठिकाणी ती अडते, तिथं वळण तुटतं. आण्णांनी संध्याकाळभर बसून एकेक पेर रंध्यानं काढलं, दोन्ही बाजूंनी, परत परत डोळ्यासमोर धरून, एक डोळा मिटून बघायचे, परत दोन हात मारायचे. मग ती एमडीएफवर उभी ठेवली, मी एक टोक धरलं, लेकीनं दुसरं, आणि आण्णांनी मध्ये नुसतं बोटानं ढकललं. कामटीनं जो आकार घेतला तो मला आयुष्यात पेन्सिलनं काढता आला नसता. कुठंही कोपरा नाही, कुठंही दचका नाही. "आता धरून ऱ्हावा," म्हणाले आणि दोन्ही बाजूंनी बारीक खिळे ठोकत गेले. नाद खुळा. आजही त्या एसमधनं गाडी जाते तेव्हा तिचा आवाज बदलत नाही, एकसारखा जातो, आणि मी आलेल्या माणसाला मुद्दाम सांगतो की हे बांबूनं काढलंय, मी नाही.

दुसरी लेन त्यांनी आणखी सोपी करून टाकली. राउटरच्या बुडाला एक लाकडी ठोकळा, ठोकळ्याला पितळेची एक पिन, पिन पहिल्या खाचेत आणि पातं चार इंच बाजूला. पहिल्या खाचेनंच दुसरी ओढून नेली.

आता माझा पराक्रम. ट्रॅक दोन तुकड्यांत होता, एक आठ बाय चार आणि एक चार बाय चार, कारण जिन्यातनं एका वेळी तेवढंच वर येतं. दोन्ही तुकड्यांवर खाच जोडावर नेमकी एकमेकांसमोर यायला पाहिजे, म्हणून मी काठापासनं मोजून खुणा केल्या. मोठ्या तुकड्यावर टेपनं. छोट्या तुकड्याच्या वेळी टेप सापडेना, आण्णांच्या पेटीत स्टीलची दोन फुटी पट्टी दिसली, ती घेतली. खुणा केल्या, खाचा पाडल्या, दोन्ही तुकडे जोडले, आणि खाचा समोरासमोर येईनात. पाव इंचाचा फरक. मी परत मोजलं, बरोबर. दुसऱ्या तुकड्यावर मोजलं, बरोबर. दोन्ही बरोबर आणि जोड चूक.

आण्णा आले, पट्टी हातात घेतली आणि हसायला लागले ते थांबेनात. डोळ्यांतनं पाणी आलं त्यांच्या. ती पट्टी साधी नव्हतीच. बीड गार होताना आकसतं, म्हणून लाकडी पॅटर्न थोडा मोठा करावा लागतो, आणि दर वेळी गुणाकार कोण करत बसणार, म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच मुळात लांब असते. तिच्यावरचा एक फूट हा खरा एक फूट नसतो. बिडाला फुटामागं एक सूत जास्त. माझी खूण दोन फुटांवर होती, म्हणजे दोन सूत, म्हणजे पाव इंच. चाळीस वर्षं ह्या माणसानं दर फुटाला एक सूत वाढवून दिलं होतं, लोखंड पुढं आकसणार म्हणून, आणि मी तीच पट्टी घेऊन भुश्शाच्या पोळीवर मापं घेत होतो जी कुठंही आकसणार नव्हती.

"भट्टीत घाल तुझा ट्रॅक, मग येईल बरोबर."

चुकलेल्या खाचेत त्यांनी सागाच्या बारीक पट्ट्या फेविकॉल लावून ठोकल्या, रात्रभर ठेवल्या, सकाळी रंधा मारून सपाट केल्या आणि नव्यानं खाच पाडली. मी म्हटलं दिसणारच नाही. ते म्हणाले, दिसंल. खरंच दिसतं, रंगाखालनं अजून दोन फिकट रेघा दिसतात, उन्हाळ्यात जास्त. जोडाला त्यांनी लाकडी डॉवेल, म्हणजे खुंट्या, बसवले, दोन भागांच्या पॅटर्नला बसवायचे तसेच, आता तुकडे वेगळे करून परत लावले तरी खाच केसभर हलत नाही.

भुश्शाचंही सांगायला पाहिजे. एमडीएफचा भुसा लाकडाच्या भुश्शासारखा नसतो, पिठासारखा असतो, हवेत तरंगतो, मास्क लावला तरी नाकात जातो, आणि मी हे सगळं मे महिन्यात गच्चीवर केलं. मे महिन्यात गच्चीवर आणखी काय असतं ते कुठल्याही मराठी माणसाला सांगायला नको. आई आणि बायकोनं दोन साड्या अंथरून कुरडया घातल्या होत्या. वारा त्या बाजूला होता. मी राउटर बंद करून वळलो तर कुरडयांवर बदामी रंगाची बारीक पूड, एकसारखी, चाळणीनं चाळल्यासारखी. पुढचा आठवडा घरात जे बोलणं झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्या कुरडया टाकल्या. आईनं अजून ते सोडलेलं नाही, दिवाळीत चकली करताना म्हणाली, "बंद केलंस न्हवं तुझं ते मशीन? बघ बाबा."

रंगाचंही असंच. भिंतीचा इमल्शन सरळ रोलरनं मारायचा असं वाचलं होतं, टायरला पकड मिळते, चकाकत नाही. पण ते पाण्याचं, आणि एमडीएफ पाणी पितं. छोट्या तुकड्यावर मी मारला आणि दुसऱ्या दिवशी खाचेच्या कडा फुगून केसाळ झाल्या, गाइड आत जाईना. आण्णांनी मोठ्या तुकड्याला मला हातच लावू दिला नाही. त्यांनी बरणीत चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजत घातली, दोन दिवस अधनंमधनं हलवत राहिले, आणि पातळ ब्रशनं खाचेच्या आतसुद्धा दोन हात दिले. पॅटर्नला तेच लावतात, ओल्या वाळूत दाबायचा असतो ना, लाकूड फुगलं की माप गेलं. वर मग कितीही इमल्शन मारा. छोटा तुकडा हॅक्सॉच्या पात्याला पॉलिश पेपर गुंडाळून मी एक अख्खा रविवार घासत बसलो.

तेव्हाच त्यांनी ते गेज केलं. पितळेचा बोटभर तुकडा, कानस मारून एका सुताला केसभर कमी. खाचेत घातला की वजनानं सरकला पाहिजे. जिथं अडकेल तिथं घासायचं. ते गेज तेव्हापासनं त्यांच्या शर्टाच्या खिशात असतं, तंबाखूच्या डबीशेजारी.

एकदा घासताना मी सहज म्हणालो की गंमत आहे, एवढं सगळं लाकूडकाम आणि शेवटी महत्त्वाची ती फक्त रिकामी जागा. ते म्हणाले, "आमचं कायम तेच हुतं. लाकूड नंतर कोण बघतंय. पोकळी नीट आली पायजे." आणि परत घासायला लागले. मी जरा थांबलो. आपण आयुष्यभर बाप लाकडाचं काम करतो म्हणून सांगत आलो, आणि बापाच्या डोक्यात मात्र लाकूड नव्हतंच कधी.

तांब्याची टेप ऑनलाइन मागवली. पहिली आली ती नुसती तांब्याच्या रंगाची होती, मीटर लावला तर करंट जाईना. दुसरी खरी आली. पाव इंच रुंद, मागं चिकट, खाचेच्या दोन्ही बाजूंनी नखानं दाबत लावायची, दोन लेन म्हणजे चार पट्ट्या, एकशे सोळा फुटांच्या आसपास. जिथं दोन टेप जुळतात तिथं एकावर एक चिकटवून भागत नाही, मधल्या गोंदातनं करंट नीट जात नाही, तिथं डाग द्यावा लागतो, आणि एकाच ठिकाणी वायर जोडली की लांबच्या टोकाला गाडी मंदावते म्हणून खालनं चार-पाच ठिकाणी वायरी वर आणल्या. बायको चहा घेऊन आली, चकाकणारा ट्रॅक बघितला आणि म्हणाली, "अहो, रात्रभर यातच पाणी भरून ठेवा. सकाळी उठून प्यायचं, तब्येतीला चांगलं." कुरडयांनंतरचं ते पहिलं हसणं होतं.

आणि मग पहिली फेरी. सगळे उभे. लेकीनं दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे आणून वळणावळणाला प्रेक्षक म्हणून उभे केले होते, आणि गंमत म्हणजे आमचे मावळे दोन इंचाचे, बत्तिसाव्या भागाच्या गाडीला माणूस साधारण तेवढाच लागतो, मापात बसले. तिनं ट्रिगर दाबला. गाडी सरळ पट्ट्यावर सुसाट गेली, वळण आलं, गाडी वळली नाही. दोन मावळे, एक गवळण आणि तुळशीची कुंडी घेऊन ती भिंतीला.

कारण सोपं होतं पण मला दोन दिवस लागले. या गाड्यांच्या पोटात लोहचुंबक असतं. प्लास्टिकच्या ट्रॅकला स्टीलच्या पट्ट्या असतात, चुंबक त्या धरून ठेवतं, गाडी खाली ओढलेली राहते आणि वळणावर ट्रिगर सोडायची फारशी गरजच पडत नाही. तांब्याला चुंबक धरत नाही. आमच्या ट्रॅकवर गाडीला धरून ठेवणारं कोणीच नाही, फक्त तिचं वजन आणि तिचे टायर. मामेभावाला फोन केला तर तो म्हणाला अरे मग पट्ट्या स्टीलच्या लाव. पण तोपर्यंत आम्ही चुंबक काढून फेकलं होतं. टायरवाल्याकडनं चाकाच्या बॅलन्सिंगची शिशाची वजनं आणली, कापून गाडीच्या तळाला चिकटवली. फळीवर पॉलिश पेपर लावून त्यावर मागची चाकं फिरवून टायर एकसारखे केले. आता वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर घसरतो, शेपूट फेकत फेकत जाते, आणि नेमका तेवढाच ट्रिगर ठेवला तर पडत नाही. बघायला इतकं सुंदर दिसतं की चुंबकवाल्या गाड्यांचे व्हिडिओ आता मला फिरत्या पंख्यासारखे वाटतात.

ब्रेकची गोष्टही यातलीच. ट्रिगर पूर्ण सोडला की कंट्रोलर दोन्ही पट्ट्या एकमेकांना जोडून टाकतो, आणि फिरणारी मोटर स्वतःच करंट तयार करून स्वतःलाच अडवते. लेकीला पटेना. एक सुटी मोटर तिच्या हातात दिली, म्हटलं दांडी चिमटीत धरून फिरव. फिरली. मग दोन्ही वायरी एकमेकांना चिकटवल्या आणि म्हटलं आता फिरव. तिनं फिरवली आणि एकदम माझ्याकडं बघितलं, मोटर जड झाली होती, आतनं कोणीतरी धरल्यासारखी. तिनं वायरी सोडल्या, लावल्या, सोडल्या, लावल्या, वीसेक वेळा. जेवायला हाक आली तरी चालूच.

सध्याचा विक्रम तिचाच आहे, आतल्या लेनवर चार पॉइंट दोन सेकंद. तो वेग बत्तीसनं गुणला तर ताशी दोनशेतीसच्या वर किलोमीटर होतात, असं ती शाळेत सांगून आली.

पण आतली लेन यावरनं भांडण झालं. आतली लेन छोटी, ती जिंकते, आण्णा बाहेरच्या लेनवर हरतात आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस हरल्यावर किती चिडू शकतो ते मला माहीत नव्हतं. मला वाटायचं एसमध्ये उलट वळण आहे, तिथं बाहेरची लेन आत येते, म्हणजे फरक भरून निघत असेल. आण्णांनी दोन्ही खाचांत सुतळी घातली, काढली, शेजारी शेजारी धरली. पंचवीस इंच. मी कागदावर हिशेब केला आणि चक्रावलो. एस कितीही घाला, ट्रॅक गल्लीएवढा करा, एकमेकांना न ओलांडता एक पूर्ण फेरी मारायची असेल तर फरक पंचवीस इंचच राहतो, कारण डावं-उजवं सगळं वजा होऊन शेवटी गाडी एकच पूर्ण गोल फिरते, आणि चार इंच त्रिज्येच्या गोलाचा परीघ पंचवीस इंच. हे मी मोठ्या उत्साहानं त्यांना सांगितलं.

"ते हायच की. चाकाला लोखंडी धाव चढवताना तेच असतंय. अर्धा इंच जाडीची धाव, बाहेरनं तीन इंच जादा भरणार. चाक बैलगाडीचं असूदे न्हाईतर लहान गाड्याचं."

मला पदवीला गणित होतं. असो.

आता दोन डाव खेळतो, लेन बदलून, दोन्हींची बेरीज. लेकीचं म्हणणं पूल करा, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा ट्रॅक केला की एकदा ही लेन आत एकदा ती, फरक शून्य. बरोबर आहे तिचं. आण्णांनी गाडीची उंची व्हर्निअरनं मोजून वहीत लिहून ठेवलीये आणि चढ किती ठेवायचा यावर गेला महिनाभर विचार चाललाय. मी मध्ये पडत नाही. मला एवढं दिसतंय की खेळायला आम्ही दिवसाला वीस मिनिटं जातो आणि बोलायला दोन तास.

जुलैत पाऊस लागला. कोल्हापूरचा पाऊस, आठ-आठ दिवस ऊन नाही, कपडे वाळत नाहीत, मीठ ओलं, माचिस पेटत नाही. तांबं काळं पडायला लागलं, ते खोडरबरनं घासलं की निघतं, चिंच लावू नका, आईनं आणून दिली होती पण पाणी नको. छोटा तुकडा, मी बिनलाखेचा रंगवलेला, दोन ठिकाणी परत आवळला. मोठा तुकडा मात्र जागच्या जागी.

तेव्हापासनं आण्णा रोज सकाळी दूध घेतल्यावर वर जातात, खिशातनं गेज काढतात आणि खाचेत घालून पूर्ण ट्रॅकभर फिरवतात. टेबलाभोवती चालत, कपाटापाशी पोट आत ओढून, हेअरपिनला वाकून, एका बोटानं ढकलत. आधी आतली लेन, मग बाहेरची. जिथं अडकतं तिथं पेन्सिलनं बारीक फुली. परवा लेक स्टॉपवॉच घेऊन दारात उभी होती, त्यांना न सांगता. आतली लेन, एक मिनिट अडतीस सेकंद. खाली येऊन तिनं फ्रिजवरच्या यादीत तिच्या चार पॉइंट दोनच्या खाली लिहिलं, आण्णा, १:३८, आणि कंसात, न पडता.